कुजणारी कुंडी

बोन्साय या जपानी शब्दातला ‘बोन’ म्हणजे उथळ, थाळीवजा भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. भांडे शब्दातच आल्यामुळे त्याचा रुबाबही ठरून गेला आहे. जपानातल्या तोकोनामेची किंवा चीनमधल्या यीशिंगची भाजलेल्या मातीची कुंडी, तिचा मातकट तपकिरी रंग, तिचे नाजूक पाय. तिच्यापुढे चार फळ्या जोडून घरी केलेली लाकडी पेटी म्हणजे खऱ्या कुंडीला पैसे नव्हते म्हणून केलेली सोय, असा समज सर्रास आढळतो. हा समज चुकीचा आहेच, पण त्याहून मोठे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. पेटी करणारा स्वतःच तो समज खरा मानतो आणि पेटीला कुंडीसारखी कायमची करायला निघतो. आतून प्लास्टिक लावतो, बाहेरून व्हार्निश चढवतो, फटी लांबीने बुजवतो. लाकूड कुजते, हे कबूल. पण झाड ज्या वयात पेटीत असायला हवे त्या वयापुरती ती व्यवस्थित टिकते, आणि तिला त्यापलीकडे टिकवण्याचे बहुतेक उपाय शब्दशः झाडाच्या मुळावर येतात.

लाकूड ही परिस्थितीने लादलेली निवड नव्हे, याचा सर्वांत भपकेबाज पुरावा फ्रान्समध्ये आहे. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात नारंगीच्या झाडांसाठी ओरांजरी नावाची प्रचंड दगडी वास्तू बांधली गेली. झाडे हिवाळ्यात तिच्यात ठेवायची आणि ऊन आले की बाहेर मांडायची. चौदाव्या लुईच्या आरसेमहालात शोभेला ठेवलेली नारंगीची झाडे चांदीच्या कुंड्यांत असत. ज्या भांड्यांत झाडे वर्षानुवर्षे प्रत्यक्ष वाढत, त्या मात्र लाकडी चौकोनी पेट्या होत्या. व्हर्सायच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेटीची खुबी अशी की तिच्या बाजू सोडवता येतात. झाड उपटायचे नाही. एक बाजू काढायची, मुळे तपासायची, जून झालेली छाटायची, ताजी माती भरायची आणि बाजू पुन्हा लावायची. लुईचे चांदीचे सामान १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी वितळवले गेले. लाकडी पेटीचा घाट आजही बागांमध्ये वापरात आहे. जपानी बागवानही याच निष्कर्षाला आलेले दिसतात. प्रदर्शनात मिरवण्याआधीची कितीतरी वर्षे झाड त्यांच्याकडे साध्या पेटीत असते, आणि एखादे नावाजलेले जुने झाड थकले की देखण्या कुंडीतून काढून त्याला पुन्हा पेटीत घालतात. आजारी माणसाचा जरीचा पोशाख उतरवून सुती सदरा घालावा, तसे.

असे का, याचे उत्तर पाण्याच्या वागण्यात आहे, आणि ते पाहायला भांडी घासायचा स्पंज पुरतो. स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळू लागते. स्पंज तोच, भोके तीच, फक्त उंची वाढली. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि निचरा झाल्यावरही तळाशी एक ओथंबलेला थर उरतो. या थराची जाडी कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा एखाद्या मिश्रणात हा थर ३ सेंटिमीटरचा असेल, तर ५ सेंटिमीटर उथळ थाळीत निम्म्याहून अधिक माती पाण्यात बुडालेली राहील आणि १२ सेंटिमीटर खोल पेटीत फक्त चौथा हिस्सा. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो, आणि तो हवेच्या मानाने पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणजे देखणी थाळी ही झाडासाठी मुळातच अवघड जागा आहे. ज्याची मुळे बारीक, दाट आणि घट्ट जमली आहेत असे झाडच ती सहन करते. खोड जाड व्हायचे आहे, मुळे नुकतीच छाटली आहेत, अशा झाडाला जुलैतल्या संततधारेत थाळीत ठेवणे म्हणजे पोहायला न शिकलेल्याला विहिरीत ढकलणे. पेटीच्या तळाला जाळी लावली की तळाचा ओथंबलेला थर नाहीसा होतो, असे पुष्कळजण मानतात. तो होत नाही. जाळी वेगळे काम करते. तळापर्यंत पोहोचलेल्या मुळाचे टोक हवेत येऊन सुकते आणि मागून त्याच मुळाला अनेक फाटे फुटतात. बंद कुंडीत हेच मूळ भिंतीला वळसे घालत गुंडाळी करत बसले असते.

हे गुण मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीलाही देता येतील, असा आक्षेप येईल आणि तो काही अंशी खरा आहे. पेटीचा असा गुण, जो विकतच्या कुठल्याच भांड्यात मिळत नाही, तो मापाचा आहे. महाराष्ट्रात बोन्सायसाठी सर्वांत सहज मिळणारे झाड म्हणजे जुन्या भिंतीत, गच्चीच्या कठड्यात, पाइपाच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेला वड, पिंपळ किंवा उंबर. वर्षानुवर्षे मूठभर चुन्यावर जगल्यामुळे त्याचे खोड जून आणि पीळदार झालेले असते. घरमालकाला तो नकोच असतो. (गडकोटांच्या तटावरची झाडे मात्र तोडायला जाऊ नये, तिथे मुळासोबत दगडही निघतो आणि कायदाही आडवा येतो.) असे झाड भिंतीतून सुटते तेव्हा त्याची मुळे फटीच्या आकाराची असतात: पंख्यासारखी चपटी, किंवा एका बाजूला हातभर लांब आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. गोल कुंडीत ते बसवायचे तर ज्या मुळांसाठी झाड आणले तीच कापावी लागतात, किंवा इतकी मोठी कुंडी घ्यावी लागते की तिच्यातली बरीचशी माती मुळांवाचून ओली पडून राहते. पाणी शोषायला मुळे नाहीत, तिथे माती आंबते. पेटी मात्र त्या पंख्याच्या मापाने कापता येते, ४० सेंटिमीटर लांब आणि १५ रुंद अशी वेडीवाकडीसुद्धा. शिवाय लाकडात हवा तिथे स्क्रू बसतो आणि त्याला तार अडकवून खोड घट्ट बांधता येते. ही बारीकशी वाटणारी सोय फार मोलाची आहे. नव्या मुळाचे टोक अतिशय कोवळे असते. वाऱ्याने खोड हलत राहिले की ते रोज फुटते आणि रोज तुटते.

उन्हाबद्दल लाकडाची जी स्तुती केली जाते, तीत थोडी काटछाट करायला हवी. लाकडातून उष्णता सावकाश जाते. भाजलेल्या मातीच्या मानाने सागवानाची उष्णतावाहकता साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाची, त्यामुळे दुपारच्या उन्हाचा चटका भिंतीलगतच्या मुळांपर्यंत बोथट होऊन पोहोचतो. मातीचे तापमान ४० अंशांच्या आसपास गेले की बहुतेक झाडांची मुळे काम टाकू लागतात, आणि काळ्या प्लास्टिकची उन्हातली बाजू ही रेषा सहज ओलांडते. पण नागपूर-चंद्रपूरकडे हवाच ४५ अंशांची असते तेव्हा फळी काही चमत्कार करत नाही. ती दिवसाचा कमाल आकडा थोडा खाली आणते, इतकेच. न चकाकवलेली मातीची कुंडी तर इथे लाकडालाही मात देते, कारण ती माठाची बहीण आहे. तिच्या अंगातून पाणी झिरपते, उडते आणि आतली माती गार राहते. तसेच ‘लाकूड श्वास घेते’ हे वाक्य जपून वापरावे. पाऊण इंच जाडीच्या सागवानी फळीतून मुळांच्या उपयोगी पडेल इतकी हवा आरपार जात नाही. पेटीचा श्वास चालतो तो फळ्यांमधल्या फटींतून आणि जाळीच्या तळातून. म्हणून फटी बुजवणारा माणूस पेटीचा एक खरा फायदाच बुजवत असतो.

आता कुजण्याकडे. लाकूड पाण्याने कुजत नाही. त्याला बुरशी खाते, आणि बुरशीला पाणी व हवा दोन्ही एकाच वेळी लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी पाणी लाकडात असेल तर ती वाढत नाही. साधारण ३० टक्क्यांच्या आसपास तिचे फावते. उलट, लाकूड पूर्ण बुडवून ठेवले तर हवेअभावी बुरशी गुदमरते. उंबराचे लाकूड जमिनीवर मुळीच टिकाऊ नाही, तरी पाण्याखाली चांगले टिकते म्हणून जुन्या काळी विहिरींच्या बांधकामात घालत, त्यामागे हेच कारण आहे. बोन्सायची पेटी या दोन टोकांच्या बरोबर मधे येते, म्हणजे बुरशीच्या दृष्टीने आदर्श जागी. आतून ओल, बाहेरून हवा. हे बदलता येत नाही, पण फळीला मधूनमधून सुकू देता येते. आतून प्लास्टिकचा कागद लावला की नेमके उलट घडते. कागद आणि फळी यांच्या फटीत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही आणि लाकूड झाकल्या जागी आधी सडते. शिवाय कागदाच्या आत मुळे चिखलात बसतात. बाहेरचे व्हार्निशही तसेच वागते. आतून भिजलेले लाकूड फुगते, व्हार्निशचा पापुद्रा तडकतो आणि त्या तड्यांतून शिरलेले पाणी पापुद्र्यामागे अडकून राहते. लावायचेच असेल तर जवसाचे तेल लावावे, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात. ते पापुद्रा न धरता लाकडात मुरते आणि ओल शिरण्याचा वेग थोडा कमी करते. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगाने ठेवू नयेत, पसरून वाळवाव्यात. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि त्या आपोआप पेटू शकतात.

लाकूड कोणते? सागवान, हे उत्तर इतके ठरलेले आहे की त्यातली मेख कोणी सांगत नाही. सागवान टिकते ते त्यातले तेल, रबरासारखा चिकट घटक आणि टेक्टोक्विनोन हे वाळवीला न मानवणारे रसायन यांमुळे, आणि या गोष्टी झाडाच्या गाभ्यात असतात. सालीलगतचे फिकट पांढरट लाकूड सागवानाचे असले तरी इतर कुठल्याही झाडाच्या सालीलगतच्या लाकडाइतकेच लवकर कुजते. नव्या, लवकर तोडलेल्या सागात हा पांढरा भाग जास्त असतो. म्हणून पाडलेल्या वाड्याची तुळई, दाराची चौकट, सुताराकडे उरलेले तुकडे हे नव्या फळीपेक्षा स्वस्तही पडतात आणि सरसही. एवढे मोलाचे लाकूड कुजवायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही हेच की नवे सागवान यासाठी घेऊच नये. जुन्या लाकडावर तैलरंग असेल तर मात्र सावध. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला १० लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा रंग शिसेयुक्त असू शकतो हे धरून चालावे आणि तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या सर्वांत स्वस्त. परदेशातून आलेल्या मालाच्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि शेजारी अक्षरे छापलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले. पहिले घ्यावे, दुसरे सोडावे. तापवल्याने आतले किडे मरतात. पुढे कुजण्यापासून त्याला काडीचेही संरक्षण मिळत नाही.

रसायन मुरवलेले लाकूड का नको, हा प्रश्न भारतीय वाचकाने विचारायलाच हवा, कारण त्या शोधाचे श्रेय इथलेच आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात मुरवण्याची रीत शोधली. ‘आस्कू’ या नावाने ती जगभर गेली आणि खांब, कुंपणे, धक्के यांचे आयुष्य तिने अनेक पटींनी वाढवले. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ती थांबवण्यात आली, आर्सेनिकमुळे. बोन्साय कोणी खात नाही, मग काय बिघडते, असे म्हणता येईल. झाडाचे बहुधा फारसे बिघडणारही नाही. तांब्याचा लेप तर मुळांची टोके रोखायला कुंडीच्या आतून मुद्दाम देतात. बिघडते ते करवत चालवणाऱ्याचे. घरी पेटी करणारा गच्चीत किंवा गॅलरीत लाकूड कापतो, त्याची धूळ घरात जाते, आणि मोडलेली पेटी शेवटी कोणीतरी शेकोटीत घालतो. पेटीच्या जास्तीच्या आयुष्यासाठी हा सौदा परवडत नाही.

बांधणीत सुबकतेपेक्षा जोर कुठल्या दिशेने पडतो याचा विचार करावा. ४० बाय ३० सेंटिमीटरची, १२ सेंटिमीटर खोल पेटी म्हणजे १४ लिटरहून अधिक जागा. खडे, विटांचा चुरा आणि पाणी यांनी ती भरली की वजन २० किलोच्या घरात जाते. तळाच्या पट्ट्या खालून स्क्रूने नुसत्या टांगल्या तर पेटी उचलताना हे सगळे वजन स्क्रूंना उपसून काढायला बघते. त्यापेक्षा बाजूंना आतून, तळाशी आडवी पट्टी मारावी आणि तळाच्या फळ्या तिच्यावर टेकवाव्यात. मग वजन स्क्रूला ओढत नाही, त्याच्यावर आडवे पडते. फळीच्या कापलेल्या टोकात, म्हणजे तंतूंच्या दिशेने शिरलेला स्क्रू कमकुवत धरतो, म्हणून कोपऱ्यांना चौकोनी दांडी द्यावी आणि ती बाहेरून द्यावी, म्हणजे आत मुळे अडकत नाहीत. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. १० सेंटिमीटर रुंद सागवानी फळी कोरडीची चिंब झाली की दोन-तीन मिलिमीटर वाढू शकते. तळाला एक रुंद फळी न घालता चार-पाच सेंटिमीटरच्या अरुंद पट्ट्या घालाव्यात, मधे अर्धा सेंटिमीटरची फट ठेवावी आणि वर जाळी अंथरावी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी हवेत. लोखंडी खिळा गंजतो, भोवतालचे लाकूड काळे आणि भुसभुशीत करतो आणि ज्या दिवशी बाजू सोडवायची त्या दिवशी जागचा हलत नाही. पांढरा गोंद नको, साधे प्लायवूड तर नकोच. पहिल्या पावसाळ्यात त्याची पाने सुटतात. पेटीला इंचभर उंचीचे पाय द्यावेत, कारण सर्वांत आधी सडते ते जमिनीला टेकलेले बूड. वाळवीचा पत्ताही पायांमुळेच लागतो. ती मातीतून मातीचीच नळी बांधत चढते, आणि विटेवर ठेवलेल्या पेटीच्या पायावर ती नळी लगेच दिसते. दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी युक्ती इथे आठवेल, पण गच्चीवर ती डासांची सोय होते.

भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली हा पेटीचा खरा प्रतिस्पर्धी आहे आणि त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही. शे-दीडशे रुपयांत मिळते, चहूबाजूंनी हवा खेळते, मुळांना फाटे भरपूर फुटतात. बियाणाच्या किंवा फांदीच्या लहान रोपाला मी टोपलीच सुचवेन. तिची अडचण उन्हाळ्यात दिसते. चारी बाजूंनी सुकत असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी घातले तरी ते पुरत नाही, आणि दोन-तीन वर्षांच्या उन्हाने प्लास्टिक इतके ठिसूळ होते की नेमके उचलताना कड हातात येते. भिंतीतून काढलेल्या भारदस्त खोडाला तिचा आधारही पुरत नाही. तेव्हा टोपलीही मरतेच, फक्त न सांगता. पेटी मात्र आधी काळवंडते, मग नखाने दाबल्यावर मऊ लागते.

आपल्या हवेत वड-पिंपळ-उंबर साधारण दोन-तीन वर्षांनी माती बदलायला मागतात. पाइनची पेटी जेमतेम तेवढेच पावसाळे काढते; जुन्या सागवानाची दोन-तीन फेऱ्या पुरते. म्हणजे झाड पेटीबाहेर काढायची वेळ आणि पेटी निकामी व्हायची वेळ फार दूर नसतात. त्या सुमारास मुळे वाढलेली असतात, कधी आकार बदललेला असतो, आणि पुढची पेटी तशीही वेगळ्या मापाची लागणार असते. खोड हव्या त्या जाडीचे झाले, मुळे बारीक आणि दाट झाली की तोकोनामेची थाळी घ्यावी, आवडेल ती, परवडेल ती. त्याआधी नाही. भिंतीतला पिंपळ काढायला पहिला चांगला पाऊस होऊन गेलेला जून महिना बरा, आणि सुटलेली मुळे तासाभरापेक्षा उघडी राहू नयेत. म्हणून फळ्या, जाळी आणि स्क्रू मे महिन्यातच जमवून ठेवा, पण फळी लांबीत कापू नका. माप मुळे हातात आल्यावर घ्या.